जन्मतः गुन्हेगार? सोलापूरच्या सेटलमेंटमधून इच्छास्वातंत्र्याकडे

सोलापुरात नव्याने आलेल्या माणसाला ‘सेटलमेंट’ हे इतर वस्त्यांसारखंच एका वस्तीचं नाव वाटतं. पत्ता सांगताना लोक सहज म्हणतात, सेटलमेंट फ्री कॉलनी, अमुक नंबर. इथे एके काळी तारेचं कुंपण होतं, हे मात्र जुन्या सोलापूरकरांना ठाऊक आहे. सरकारने ज्या जमातींना ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलं, त्यांची कुटुंबं त्या कुंपणाआड ठेवली जात. चांगली वागणूक दिसली की कुंपणाबाहेरच्या फ्री कॉलनीत राहायची परवानगी मिळे. मुंबई इलाख्यातल्या मोठ्या सेटलमेंटांपैकी ही एक. कैकाडी, पारधी, भामटे, टकारी, कंजारभाट अशा जमातींच्या बायामाणसांचं आणि लेकराबाळांचं आयुष्य तिथे हजेरी, पास आणि गिरणीचा भोंगा यांच्यात वाटलेलं असे.

माणूस जे करतो ते स्वतः ठरवून करतो का, आणि नीतीचा एखादा सिद्धांत चांगला की वाईट हे कशावरून ओळखायचं, हे प्रश्न आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गावर सोडून देतो. सोलापुरात या प्रश्नांची उत्तरं एकदा कायद्याने देऊन टाकली होती आणि हजारो माणसं ती उत्तरं जन्मभर भोगत राहिली. म्हणून मला हे प्रश्न इथूनच विचारावेसे वाटतात. एखादा नीतिविचार सेटलमेंटच्या फाटकापाशी काय बोलतो, हे ऐकल्याशिवाय त्याला चांगलं म्हणायची माझी तयारी नाही.

गुन्हेगार जमातींचा कायदा आला १८७१ साली. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची कक्षा वाढली, तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि १९२४ साली सगळी कलमं पुन्हा एकत्र बांधली गेली. कायद्यामागचा युक्तिवाद साधा होता. या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार. धंदा जातीने ठरतो. मग पिढ्यान्‌पिढ्या चोरी हाच धंदा असलेल्या जातीही असणार, आणि त्यांच्यात जन्मलेलं मूल चोरच होणार. यात रक्ताचं किंवा कवटीच्या मापाचं शास्त्र नव्हतं. इटलीच्या लोंब्रोसोचं ‘जन्मजात गुन्हेगारा’वरचं पुस्तक नंतर, १८७६ साली आलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्याच जातिव्यवस्थेचा आधार घेतला आणि आपल्यातल्या प्रतिष्ठितांनीही तो सहज मान्य केला.

एकदा सरकारने जमात जाहीर केली, की ती जाहीरनाम्यात का आली हे कोर्टात विचारायची सोय नव्हती. नोंद झालेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना कळवायचं, बोटांचे ठसे द्यायचे. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवायचा अधिकार सरकारने घेतला. शिक्षाही वेगळी होती. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळ्या पाण्याची. तोच गुन्हा इतर जातीच्या माणसाने केला तर त्याला नेहमीच्या दंडसंहितेचं माप.

या कायद्यात माणसाविषयीच्या तीन समजुती एकत्र नांदत होत्या आणि तिन्हींचं एकमेकींशी पटत नव्हतं. हा माणूस जन्मानेच चोर आहे, त्याच्या हातात काही नाही, ही पहिली. दुसरी शिक्षेत दिसते. त्याच्या हातात काहीच नसेल तर त्याला दोष कमी लागायला हवा, पण कायदा त्याला दुप्पट दोष लावत होता, जणू त्याने पूर्ण शुद्धीत, पुन्हापुन्हा पाप निवडलं. तिसरी समजूत सेटलमेंटची. काम, शाळा आणि शिस्त दिली तर हाच माणूस सुधारेल, म्हणजे जन्माने काहीच पक्कं झालेलं नाही. इच्छास्वातंत्र्य नाही, पूर्ण आहे आणि शिकवून येतं, ही तिन्ही उत्तरं एकाच माणसाच्या बाबतीत खरी धरली गेली. सुसंगती ही नीतिविचाराची पहिली परीक्षा असं पाठ्यपुस्तकं सांगतात. ही कसोटी कोरडी वाटते, पण इथे विसंगतीचा फायदा कोणाला झाला ते पाहावं. कोंडायचं तेव्हा पहिली समजूत, शिक्षा वाढवायची तेव्हा दुसरी आणि गिरणीत राबवायचं तेव्हा तिसरी. प्रत्येक वेळी सोय सत्तेचीच झाली.

आपल्याकडची वाल्या कोळ्याची गोष्ट मला या संदर्भात फार मोलाची वाटते. नारदाच्या सांगण्यावरून वाल्या घरी जातो आणि बायकापोरांना विचारतो, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का? सगळे नाही म्हणतात. ही गोष्ट आपण वाल्याच्या पश्चात्तापासाठी सांगतो, पण तिच्या पोटात न्यायाचं एक तत्त्व आहे. वाल्याने आणलेलं अन्न घरच्यांनी खाल्लं, तरी वाटमारीचं पाप त्याचं एकट्याचं. आणि ज्याने ते केलं तोच ते सोडूही शकतो, म्हणून त्याचा वाल्मीकी होतो. १८७१ च्या कायद्याने या गोष्टीचे दोन्ही शेवट पुसले. बायकापोरं पापाची वाटेकरी ठरली, अजून न जन्मलेली नातवंडंसुद्धा. आणि वाल्मीकी व्हायचा रस्ता माणसाच्या हातून काढून अधिकाऱ्याच्या शिक्क्याखाली ठेवला गेला.

कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदे खात्याचे सभासद होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हिंदुस्थानचा १८७२ चा पुरावा कायदा हेही त्यांचंच काम. त्या पुरावा कायद्याचं ५४ वं कलम काय म्हणत होतं? फौजदारी खटल्यात आरोपीचं चारित्र्य वाईट आहे ही गोष्ट पुरावा म्हणून चालणार नाही, त्याने स्वतःच आपल्या चांगल्या चारित्र्याचा मुद्दा काढला तर भाग वेगळा. म्हणजे कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसाला तू अमुक रात्री काय केलंस एवढंच विचारायचं, तू कसला माणूस आहेस हे नाही. दोन कायद्यांत एका वर्षाचं अंतर. एकात माणसाचं चारित्र्य बाजूला ठेवायचं, दुसऱ्यात पाळण्यातल्या मुलाचं चारित्र्यही आधीच लिहून ठेवायचं.

याच स्टीफननी १८७३ साली जॉन स्टुअर्ट मिलच्या उदारमतवादावर टीकेचं पुस्तक लिहिलं. मिलचा व्यक्तिस्वातंत्र्यावरचा ग्रंथ १८५९ चा, आगरकरांच्या पिढीने डोक्यावर घेतलेला. मिल आणि स्टीफन यांचा वाद गाजला, पण सेटलमेंटच्या फाटकाशी आलो की दोघांतलं अंतर फार उरत नाही. मिलच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच अट आहे. स्वातंत्र्याचं हे तत्त्व सज्ञान माणसांसाठी आहे. जे समाज अजून बाल्यावस्थेत आहेत त्यांच्यावर त्यांच्या सुधारणेसाठी निरंकुश सत्ता चालवणं योग्य आहे, असं त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं. मिलने ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत पस्तीस वर्षं नोकरी केली होती. हिंदुस्थानचे कागद रोज त्याच्या टेबलावर येत. तरीही त्याच्या तत्त्वाच्या दारावर पहारा होता. मिलचं ऋण मी मानतो, पण एखाद्या सिद्धांताने दाराबाहेर कोणाला ठेवलं हे तपासल्याशिवाय त्याच्या आतल्या सौंदर्याची तारीफ करू नये असं मला वाटतं.

आता मूळ प्रश्न. जन्माने कोणी चोर नसतो हे ठीक, पण माणूस खरोखर स्वतंत्र तरी असतो का?

नाही म्हणणारे पूर्वीपासून आहेत. बुद्धाच्या काळात मक्खली गोसाल सांगत असे की सुताचा गुंडा फेकला की तो उलगडत जातो आणि सूत संपलं की थांबतो, तसंच जीवाचं सगळं आयुष्य ठरलेलं आहे. प्रयत्नाने त्यात रेसभर फरक पडत नाही. बुद्धाने या मताला सर्वांत घातक म्हटलं, कारण त्याने प्रयत्नच संपतो. आजच्या काळात हाच मुद्दा प्रयोगशाळेतून येतो. १९८० च्या दशकात बेंजामिन लिबेट या शास्त्रज्ञाने माणसांना एका घड्याळासारख्या तबकडीसमोर बसवलं. तबकडीवर एक ठिपका अडीच सेकंदांत एक फेरी पुरी करत असे. मनात येईल तेव्हा मनगट हलवा, आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते लक्षात ठेवा, एवढंच काम. डोक्याला लावलेल्या तारांनी मेंदूतली विजेची हालचाल मोजली जात होती. ‘हलवावं’ असं माणसाला जाणवण्याआधी साधारण सेकंदाचा एक तृतीयांश भाग मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली. मग ठरवलं कोणी? माणसाने की त्याच्या आधी मेंदूने?

या प्रयोगावर गाजावाजा खूप झाला. पण मनगट कधी हलवायचं याला काही कारणच नसतं. आज हलवलं काय आणि दोन सेकंदांनी हलवलं काय, कोणाचं काही बिघडत नाही. २०१२ साली आरन शर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूत सतत चालणारे चढउतार एका मर्यादेपलीकडे गेले तरी तशीच ‘तयारी’ दिसू शकते, तो आधीच झालेला निर्णय असायला हवा असं नाही. शिवाय आपण ज्याला निर्णय म्हणतो तो असा नसतो. मुलीचं शिक्षण थांबवायचं की कर्ज काढायचं, खोटी साक्ष द्यायची की गावाचा रोष पत्करायचा, हे निर्णय दिवसेंदिवस चालतात, त्यात माणूस कारणं मांडतो, खोडतो, दुसऱ्यांशी बोलतो, रात्री झोपत नाही. त्या सगळ्या वेळात मेंदू काम करतच असतो, पण मेंदूचं ते काम म्हणजेच त्या माणसाचा विचार.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी २०२३ च्या पुस्तकात याहून भक्कम युक्तिवाद केला. सेकंदापूर्वीचे न्यूरॉन, तासापूर्वीची हार्मोन्स, बालपणीची उपासमार, आईच्या पोटातला ताण, पूर्वजांची शेती की मेंढपाळी, यांतली प्रत्येक कडी आधीच्या कडीने बांधलेली आहे. मग मधे स्वातंत्र्य शिरणार कुठून? त्यांचा निष्कर्ष दयेचा आहे. दोष देणं सोडा, शिक्षेची भाषा सोडा. मला त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. पण सोलापूरचा अनुभव समोर ठेवला की एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. माणसाच्या हातात काही नाही, हेच गृहीतक १८७१ च्या कायद्यातून तारेच्या कुंपणापर्यंत घेऊन गेलं होतं. एकाच गृहीतकातून एक जण क्षमेला पोचतो, दुसरा तुरुंगाला. तेव्हा स्वातंत्र्य नाही एवढ्या विधानातून नीती निघत नाही. कारणांच्या साखळीतली कुठली कडी आपण उचलून दाखवतो, यात खरी नीती असते.

ती कडी इथे कुठली होती? लमाणी तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत देशभर फिरत. कैकाड्यांच्याही अनेक कुटुंबांचं पोट टोपल्यांबरोबर मीठ-धान्याच्या वाहतुकीवर होतं. रेल्वे आली, सोलापुरात ती १८६० साली पोचली, आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार पाहता पाहता बसला. मिठावर सरकारी कर आणि मक्ता बसला. १८७८ च्या वनकायद्याने जंगल सरकारचं झालं आणि पारध्याची शिकार चोरी ठरली. म्हणजे साखळी होतीच, पण तिच्यातल्या मोठ्या कड्या सरकारच्याच हातच्या होत्या. कायद्याने त्या सोडून फक्त जन्माची कडी उचलली. पोटासाठी चोरी करणाऱ्याला थोडंही स्वातंत्र्य नव्हतं असं मी म्हणत नाही. काहींनी चोरी केली, काहींनी उपास काढले, काहींनी दगड फोडले. स्वातंत्र्य होतं, पण उंबऱ्याएवढं. इच्छास्वातंत्र्य एक तर असतं किंवा नसतं असं धरून वाद घातला की हे उंबऱ्याएवढं स्वातंत्र्य दिसेनासं होतं. ते कमीजास्त होतं. भूक, भीती आणि हजेरी यांनी आक्रसतं. जमीन, अक्षरओळख आणि परवानगीशिवाय प्रवास यांनी वाढतं.

१९१०-११ च्या हिवाळ्यात, मुंबई इलाख्यापर्यंत हा कायदा पोचण्याच्या सुमारास, मंडालेच्या तुरुंगात टिळक पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. ग्रंथ छापून आला १९१५ साली. त्याचं दहावं प्रकरण ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ या प्रश्नालाच वाहिलेलं आहे. कर्माची साखळी अनादी, देह आणि इंद्रियं तिच्या नियमाखाली, हे टिळक पूर्ण मान्य करतात. तरीही आत्मा त्या साखळीचा भाग नाही आणि सुधारण्याची, मोकळं होण्याची प्रेरणा त्याच्याकडून येते, तेवढ्यापुरता माणूस स्वतंत्र, असं ते मांडतात. त्यांचं वेदान्ती समर्थन सर्वांना पटेल असं नाही, मलाही ते सगळं पटत नाही. पण सहा वर्षांची शिक्षा भोगणारा कैदी कोठडीत बसून ‘मी साखळीबाहेर आहे’ याचा तर्कशुद्ध शोध घेतो, यात एक ओळखीची खूण आहे. स्वतःविषयी विचार करताना कोणीच नियतिवादी नसतो. उद्या काय करू, असा प्रश्न मला पडतो तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं आहे असं धरून मी बसूच शकत नाही. नियतिवाद आपण बहुधा दुसऱ्याला लावतो. ‘त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य ‘आमच्या’ने सुरू होतं तेव्हा बहुतेक वेळा पुढे शौर्य किंवा बुद्धी येते, चोरी येत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांनी १९६२ सालच्या एका निबंधात हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला, आणि सेटलमेंट समजून घ्यायला मला तो निबंध इतर सगळ्यांहून जास्त उपयोगी पडला. एसटीत चढताना कोणी पायावर पाय दिला तर दुखणं तेवढंच असतं. पण गर्दीत चुकून पडला असेल तर आपण ‘असू द्या’ म्हणतो, मुद्दाम दिला असेल तर संतापतो. हा संताप, आभार, क्षमा, अपेक्षा, लाज यांचं जाळं माणसांमाणसांत सतत विणलेलं असतं. समोरच्याला आपण बोल लावतो याचा अर्थ त्याला उत्तर देण्याजोगा मानतो. लहान बाळाशी किंवा भ्रमिष्टाशी आपण असं वागत नाही. तिथे आपण एक पाऊल मागे सरकतो आणि याला कसं सांभाळायचं, कसं आवरायचं, असा विचार करतो. स्ट्रॉसनचं म्हणणं असं की कार्यकारणाचा सिद्धांत खरा ठरला तरी आपण या जाळ्याबाहेर कायमचे जाऊ शकणार नाही, आणि जाणंही बरं नाही.

सेटलमेंट म्हणजे हे मागे सरकलेलं पाऊल, शेकडो कुटुंबांसाठी, पिढ्यान्‌पिढ्यांसाठी. आणि इथे गोष्ट गुंतागुंतीची होते, कारण चालवणारे सगळे क्रूर नव्हते. मुंबई इलाख्यातल्या सेटलमेंटांचा कारभार घडवला तो ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने, विजापूरपासून सुरुवात करून. नुसत्या पहाऱ्याने काही होणार नाही, काम, शाळा आणि टप्प्याटप्प्याने मोकळीक दिली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. पुढे १९२८ ते ३० मध्ये दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती त्याच्याच नावाने ओळखली गेली आणि तीत डॉ. आंबेडकर सभासद होते. सोलापूरची सेटलमेंट अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी चालवली. त्यांनी शाळा काढल्या, आजारपणं पाहिली. मिशनच्या माणसांच्या कळकळीबद्दल शंका घेणं मला अन्यायाचं वाटतं.

पण एक दिवस नुसता डोळ्यांसमोर आणून पाहावा. पहाटे हजेरी. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं. मग गिरणीच्या वाटेवर, पाससह. जुनी गिरणी १८७७ पासून चालू होती, पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या आणि सेटलमेंटमधून त्यांना हुकमी कामगार मिळत. संध्याकाळी भोंगा झाला की परत फाटकाच्या आत आणि रात्री पुन्हा हजेरी. बहिणीच्या लग्नाला परगावी जायचं तर अर्ज. जायची परवानगी मिळाली तरी तिथल्या पोलीस पाटलाकडे नोंद. या माणसाने कधी चोरी केली होती का, हे या दिवसात कोणी विचारत नाही. त्याच्यावर कोणी रागावतही नाही. वाट चुकलेल्याला समाज दटावतो, त्या दटावण्यात ‘तू याहून बरा वागू शकतोस’ असा विश्वास असतो. इथे तो नव्हता. त्याचा फक्त बंदोबस्त चालला होता, सद्भावनेने. सद्भावनेचा बंदोबस्त शिव्यांपेक्षा सोसायला सोपा असेल, पण त्यातून माणूसपण जास्त खोल पुसलं जातं असं मला मनापासून वाटतं.

नेहमीच्या नीतिसिद्धांतांना आता इथे उभं करून पाहू. उपयुक्ततावाद विचारेल, एकूण सुख वाढलं का? चोऱ्या कमी झाल्या असतील, गिरण्यांना हात मिळाले, मुलं शाळेत गेली. हिशेब सेटलमेंटच्या बाजूने जाऊ शकतो, आणि हाच या सिद्धांताचा धोका आहे. फार तर तो म्हणेल की कोंडलेल्यांचं दुःखही बेरजेत धरा. पण ते मोजलं कोणी? जो वही लिहितो त्याच्या हातात बेरीज असते. कांटचा १७८५ मधला आग्रह असा की कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. स्वस्त मजुरीची सोय आणि शहरवासीयांची शांत झोप यांसाठी दुसऱ्याचं आयुष्य वापरलं गेलं, हे कांट लगेच पकडतो. तो इथे उपयोगी पडतो, तरी भूक आणि रेल्वे यांबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. जॉन रॉल्स यांची १९७१ ची कल्पना मला जास्त भावते. आपण कोण म्हणून जन्मणार हे ठाऊक नसताना समाजाचे नियम ठरवा. उद्या तुम्ही मंगळवार पेठेतल्या सावकाराच्या घरी जन्माल किंवा सेटलमेंटच्या खोलीत. या अंधारात १९११ च्या कायद्यावर सही करणारा एकही माणूस मिळणार नाही.

माझ्या मते मात्र प्रश्नाच्या गाभ्याला हात घातला तो आंबेडकरांनी, १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात. नियम आणि तत्त्व यांत त्यांनी फरक केला. नियम सांगतो अमुक कर, माणूस ते सवयीने करत राहतो. तत्त्व माणसाला स्वतः विचार करायला लावतं, निर्णय चुकू शकतो, पण कृती त्याची स्वतःची, जबाबदारीची होते. आणि जबाबदारी नसेल तर ती कृती नैतिक म्हणवत नाही. यातून दोन गोष्टी निघतात. चांगला नीतिविचार माणसाचं स्वातंत्र्य सिद्ध होईपर्यंत थांबत नाही, माणसाला स्वतंत्रपणे वागता येईल अशी जागा तो मागतो. आणि ही जागा सगळ्यांसाठी मागावी लागते, कारण हजेरी लावणाऱ्यालाही नियमच पाळायचा असतो. फाटकावरच्या कारकुनानेही त्या काळात आपली विवेकबुद्धी रजिस्टरात जमा केली होती.

मुंबई राज्याने १९४९ साली हा कायदा रद्द केला. देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. सोलापूरच्या सेटलमेंटची तार पंडित नेहरूंनी तोडली, ही आठवण इथे अजून अभिमानाने सांगतात. पुढे लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली, आणि दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याविषयी अहवाल लिहिले गेले, त्यांनी स्वतःची हकीकत स्वतः सांगितली. इच्छास्वातंत्र्याचा याहून बोलका पुरावा मला प्रयोगशाळेत सापडत नाही. २००५ नंतर केंद्र सरकारने भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष सोलापूरचे बाळकृष्ण रेणके होते. २००८ साली त्यांनी अहवाल दिला.

कायदा गेला तरी संशयाची सवय मागे राहिली. राज्यांनी ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे केले, मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर फरक मोठा आहे, कारण त्यात जमातीऐवजी त्या एका माणसाला स्वतःला झालेल्या शिक्षा मोजायच्या असतात. पण ठाण्यातली नजर कायद्याच्या कलमाइतक्या लवकर बदलत नाही. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका शेतावरच्या झोपडीत दरोडा आणि पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं गेलं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २०१९ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीला पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलत्याच माणसांना ओळखलं होतं आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला, आणि न्यायालयाने या माणसांना खोटं गुंतवल्याचंही नमूद केलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरणारे नियमही त्यात रद्द झाले. तुरुंगाबाहेरही हाच पेच असतो. रात्री गस्तीवरचा हवालदार रस्त्यात कोणाला थांबवतो तेव्हा त्याच्याकडे विचारायला दोन प्रश्न असतात. ‘काल रात्री कुठे होतास?’ या प्रश्नाला समोरचा माणूस उत्तर देऊ शकतो, खरं किंवा खोटं, ते तपासता येतं, आणि चुकला असेल तर त्याला जाब विचारता येतो. ‘कुठल्या जातीचा?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्याने केलेलं असं काहीच नसतं.